किट कारच्या फायबरग्लास पॅनेलच्या कडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोटस सेव्हनच्या धाटणीच्या गाड्या, कोब्राच्या प्रतिकृती, बीच बग्गी अशा किटमध्ये, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचात येणाऱ्या फायबरग्लास पॅनेलच्या कडा कापणे, भरणे, गोल करणे आणि रंगापर्यंत नेणे याबद्दलचे प्रश्न इथे घेतले आहेत. माहिती ब्रिटनमध्ये गाडी बांधणाऱ्यांना धरून दिली आहे, कारण किट कारचे बरेचसे पुरवठादार आणि कडांची काटेकोर तपासणी तिथे आहे. पुण्या-मुंबईत मिळणारे साहित्य किंवा इथली हवा यामुळे जिथे पद्धत बदलते, तिथे तसे सांगितले आहे.

पॅनेल साच्यातून गुळगुळीतच येते. मग कडांवर एवढी मेहनत कशासाठी?

साच्यातून गुळगुळीत येतो तो फक्त वरचा पृष्ठभाग. साच्याला मेण लावून आधी जेलकोटचा, म्हणजे तंतू नसलेल्या दर्शनी रेझिनचा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा थर देतात. त्यावर काचतंतूंची मॅट रेझिनमध्ये भिजवून बसवतात. ही मॅट बहुधा दर चौरस मीटरला ४५० ग्रॅमची असते आणि तिचे दोन-तीन थर देतात. पॅनेलची जाडी तीन ते चार मिमी होते. मॅट साच्याच्या काठाबाहेर सोडलेली असते आणि रेझिन घट्ट झाले की ती छाटतात. त्यामुळे तुमच्या हातात येते ती छाटलेली कड, तयार कड नव्हे. एकाच पॅनेलवर ती कुठे तीन मिमी, कुठे सहा मिमी भरते, आणि मधेच रेझिन न पोचलेले कोरडे तंतूही दिसतात.

शिवाय मॅट तीव्र कोपऱ्यात वळत नाही. ती कोपरा सोडून तिरपी जाते आणि जेलकोटच्या मागे पोकळी राहते. पुढे तिथेच रंगाचा टवका उडतो, तिथूनच पाणी शिरते आणि तडाही तिथेच सुरू होतो. कडा सोडून नुसत्या सपाट भागावर घोटकाम करत बसलेली गाडी रंगवल्यानंतर वर्षभरात कडांवरून ओळखू येते.

पॅनेल घरी आले की लगेच कापायला घ्यावे का?

नाही. पॉलिएस्टर रेझिन साच्यातून काढल्यानंतरही काही आठवडे पक्के होत राहते आणि किंचित आक्रसते. या काळात पॅनेल भिंतीला तिरपे टेकवून ठेवले तर ते तसेच वाकून पक्के होते, मग बॉनेटचे दोन कोपरे एका पातळीत आणता येत नाहीत. पॅनेल शक्यतो चेसिसवर त्याच्या जागीच ठेवा. ते जमत नसेल तर सपाट जागेवर, सगळीकडून आधार देऊन ठेवा. आतल्या बाजूला रेझिनमधल्या स्टायरीनचा उग्र वास येत असेल तर अजून थांबा.

दुसरे कारण याहून मोठे आहे. कडेची शेवटची रेष साच्यावरून ठरत नाही, चेसिसवर पॅनेल कसे बसते त्यावरून ठरते. बिजागऱ्या, कुलपाचा खटका आणि रबरी सील जागेवर आल्याशिवाय दाराची कड अंतिम मापाला कापू नका. नवे रबर दाराला बाहेर रेटते आणि सीलशिवाय जुळवलेली फट सीलनंतर बदलते. म्हणून पहिला काप रेषेच्या तीन मिमी बाहेरून घ्या. नंतर घासून कमी करणे अर्ध्या तासाचे काम असते, पण कमी पडलेली कड वाढवायला अख्खी सुट्टी जाते.

कापायची रेष कशी आखायची?

बऱ्याच साच्यांत छाटणीची रेष कोरलेली असते आणि पॅनेलवर ती केसाएवढ्या उंचवट्याच्या रूपात उमटते. तिरप्या उजेडात टॉर्च धरली की दिसते. तिच्यावर आधार ठेवा, पण विश्वास टाकू नका. साचे हाताने घडवलेल्या मूळ नमुन्यावरून काढलेले असतात, त्यामुळे डावी आणि उजवी बाजू काही मिमीने वेगळी निघणे नेहमीचेच आहे. चेसिसची मध्यरेषा धरून दोन्ही बाजूंना मापे घ्या. फरक असेल तर तो दोन्हीकडे निम्मा-निम्मा वाटा.

आधी ५० मिमी रुंद मास्किंग टेप लावा. त्यावर वळणांसाठी ३ मिमी रुंदीची प्लास्टिकची बारीक टेप ओढा. ती वक्रावर सुरकुतत नाही आणि तिचा काठच तुमची रेष होतो. पेन्सिलची रेघ धुळीत दोन मिनिटांत नाहीशी होते.

कापायला कोणते हत्यार चांगले?

लांब, सरळ किंवा मोठ्या वळणाच्या कापासाठी ११५ मिमीचा अँगल ग्राइंडर आणि १ मिमी जाडीची कटिंग डिस्क किंवा डायमंड डिस्क वापरा. एका दमात आरपार जाऊ नका. पहिल्या फेरीत जेलकोटमध्ये उथळ चर पाडा, दुसऱ्या फेरीत खाली उतरा. डिस्क एका जागी रेंगाळली तर रेझिन जळते, कड तपकिरी होते आणि तेवढा भाग नंतर काढून टाकावा लागतो. गार्ड काढून ग्राइंडर चालवू नका.

लहान वळणांवर डिस्क अडकते. तिथे जिगसॉ घ्या, पण पाते कार्बाइड किंवा डायमंडचे खडे बसवलेले हवे. साधे दातेरी पाते काचेवर पाहता पाहता बोथट होते. जिगसॉचे नेहमीचे दात वर येताना कापतात, म्हणून जेलकोटची बाजू वर ठेवली तर टवके उडतात. शक्य असेल तिथे जेलकोट खाली ठेवून मागच्या बाजूने कापा. चेसिसवर चढवलेल्या पॅनेलला हे जमत नाही, तेव्हा बिनदाती खड्यांचे पातेच वापरा.

आतल्या कोपऱ्यांसाठी हलत्या पात्याचे मल्टिटूल छान चालते. त्याहून नाजूक जागी इंचाला ३२ दातांचे हॅकसॉचे पाते फडक्यात गुंडाळून हाताने चालवावे. आतला कोपरा कधीही काटकोनात कापू नका. आधी ६ ते ८ मिमीचे भोक पाडा आणि दोन्ही काप त्या भोकात आणून मिळवा. काटकोनी आतला कोपरा म्हणजे तड्याला दिलेली सुरुवातच आहे.

जेलकोटचे टवके उडू नयेत म्हणून काय करावे?

एकच नियम पाळायचा: हत्याराचा जोर नेहमी जेलकोटकडून मॅटकडे जायला हवा. कानस ढकलताना बाहेरून आत ढकला आणि परत आणताना उचलून आणा. घासायचा ब्लॉकसुद्धा तसाच चालवा. जोर मागून पुढे आला की जेलकोट मॅटपासून सुटतो. तो कधी लगेच तुटतो, कधी फक्त पांढरट होतो आणि रंगानंतर सुटतो. कडेलगत पांढरी छटा दिसली तर बोटाच्या नखाने दाबून पाहा. हलत असेल तर तेवढा जेलकोट काढून भरून घेणेच बरे.

धुळीपासून बचाव कसा करायचा?

साधा कापडी मास्क पुरत नाही. घासताना आणि कापताना एफएफपी३ दर्जाचा किंवा पी३ फिल्टरचा मास्क लावा. रेझिन आणि जेलकोट लावताना बाष्प येते, ते धुळीच्या फिल्टरने अडत नाही. त्यासाठी सेंद्रिय बाष्पाचा ए२ फिल्टर लागतो. अंगात पूर्ण बाह्यांचा, एकदा वापरून टाकायचा सूट घाला आणि हातमोज्यांचे तोंड बाहीवर टेपने बंद करा. डोळ्यांना सगळीकडून बंद गॉगल हवा.

काम संपल्यावर आधी गार पाण्याने धुवा, चोळू नका. गरम पाण्याने खाज वाढते असा कारागिरांचा अनुभव आहे. ते कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर धुऊ नका. जमेल तिथे वॉटर पेपर वापरून ओले घासा. मात्र कापलेली उघडी कड ओली घासली असेल तर पुढचा थर देण्याआधी ती पूर्ण वाळू द्या, कारण तंतूंमधून पाणी आत ओढले जाते.

कडेजवळ जेलकोट नखाने दाबला तर फुटतो आणि आत पोकळी दिसते. पॅनेल खराब आहे का?

खराब नाही, हे जवळजवळ प्रत्येक पॅनेलवर कमी-अधिक असते. मात्र सगळ्या पोकळ्या रंगाआधी शोधल्याच पाहिजेत. नाण्याच्या काठाने कडेवर हलके ठोकत जा. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द. संशय येईल तिथे अणकुचीदार टोच्याने दाबून जेलकोट फोडा. पोकळीचा फक्त तोंडाशी दिसणारा भाग नव्हे, तर ती संपेपर्यंत छोट्या ग्राइंडरच्या बिटने उघडा. कडा तिरप्या करा, ८० नंबरच्या पेपरने घासा, ॲसिटोनने पुसा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या.

भरताना साधा पॉलिएस्टर फिलर लगेच फासू नका. कोपऱ्याला ताकद हवी असते. रेझिनमध्ये बारीक दळलेले काचतंतू आणि थोडी कोलॉइडल सिलिका (रेझिन दाट करणारी बारीक पूड) मिसळून लोण्याइतकी घट्ट पेस्ट करा, किंवा तयार मिळणारा काचतंतूंचा फिलर घ्या. आधी नुसते रेझिन ब्रशने पोकळीत मारा, मग पेस्ट दाबून भरा. पृष्ठभागापेक्षा एखादा मिमी खाली थांबा आणि वरचा थर बारीक फिलरचा द्या. तंतूंचा फिलर वरपर्यंत आणला तर घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे उघडी पडतात आणि ती प्रायमरमधून परत परत डोकावतात.

कड वाढवायची असेल तर फिलर चालतो का?

दोन मिमीपर्यंत काचतंतूंचा फिलर चालतो. त्याहून जास्त असेल तर मॅट आणि रेझिन लावा. नुसत्या फिलरची वाढवलेली कड दार दोन-चारदा आपटले की सुटते, कारण तिला धरून ठेवणारे तंतू मागच्या मॅट-रेझिनच्या थरात गेलेले नसतात.

मागच्या बाजूने कडेपासून ३० ते ४० मिमी आतपर्यंत ४० किंवा ६० नंबरच्या पेपरने घासून कडेकडे उतार द्या. समोरच्या बाजूला फॉर्मायकाचा किंवा प्लायवुडचा पट्टा चिकटवा, त्यावर खाकी पॅकिंग टेप लावा आणि टेपवर मेण पुसा. आता मागून मॅटच्या पट्ट्या लावा: पहिली २० मिमी रुंद, दुसरी ३०, तिसरी ४०. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा थोडी आतपर्यंत जायला हवी. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडली तर काठ विरळ होतो आणि मिळवणी दिसत नाही. ब्रशने ठोकत ठोकत हवा बाहेर काढा, ओढू नका.

४५० ग्रॅम मॅटचा एक थर साधारण एक मिमी जाडी देतो. मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन लागते, म्हणजे एक चौरस मीटरला सुमारे १.१ किलो. कडेच्या पट्ट्यांसाठी एका वेळी १०० ते १५० ग्रॅमपेक्षा जास्त रेझिन कालवू नका. कपात साचलेले रेझिन तापते आणि पाच मिनिटांत गोळा होते.

कॅटॅलिस्ट किती घालायचा?

कॅटॅलिस्ट म्हणजे रेझिन घट्ट करणारे द्रव्य. वजनकाट्यावर मोजून, २० अंश सेल्सिअसला २ टक्के: १०० ग्रॅम रेझिनला २ ग्रॅम. २५ च्या वर दीड टक्का, ३० च्या पुढे एक टक्का. एकाच्या खाली जाऊ नका. रेझिन वरवर घट्ट दिसते, पण ते कधीच पुरेसे पक्के होत नाही. तीन टक्क्यांच्या वर गेलात तर ते ठिसूळ होते. १५ अंशांखाली काम थांबवा. ब्रिटनमधल्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये आधी पॅनेल तापवा, फक्त हवा तापवून भागत नाही.

भारतात किरकोळ मिळणारे साधे रेझिन बऱ्याचदा कोबाल्टशिवाय असते आणि प्रवेगक वेगळा घालावा लागतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच एमईकेपी कॅटॅलिस्ट घाला. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. त्यातून पेट किंवा स्फोट होऊ शकतो. एकाच चमच्याने किंवा एकाच मापाने दोन्ही काढू नका आणि बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. लगेच किमान १५ मिनिटे पाण्याने धुवा आणि धुऊन झाल्यावर थेट डॉक्टर गाठा.

दार, बॉनेट आणि डिकीच्या फटी एकसारख्या कशा करायच्या?

रंगानंतर ४ ते ५ मिमी फट दिसावी असे धरून चला. त्याहून अरुंद फट फायबरग्लासच्या गाडीवर टिकवणे अवघड आहे. चेसिस पिळवटते, पॅनेल उन्हात फुगते आणि कडा एकमेकींना घासतात. प्रायमर आणि रंगाचे सगळे थर मिळून दर कडेवर दोन ते तीन दशांश मिमी भरतात, म्हणजे दोन्ही कडांचे मिळून सुमारे अर्धा मिमी. म्हणून रंगाआधी फट अर्धा मिमी जास्त ठेवा.

क्रम असा. गाडी चार चाकांवर, तिच्या नेहमीच्या वजनाने उभी हवी, चेसिस स्टँडवर नव्हे. बिजागऱ्या आणि खटका आधी जुळवा. पॅनेलची पातळी नीट येईपर्यंत फटीला हात लावू नका, कारण पातळी बदलली की फट बदलते. मग ५ मिमी जाडीचे ॲक्रिलिकचे चार-पाच तुकडे घ्या आणि फटीत सरकवत जा. अडतो तिथे घासायचे, सैल पडतो तिथे भरायचे. टेपवर खुणा करा.

भरायच्या जागा बऱ्याच असतील तर सगळ्यात नेटकी पद्धत ही: समोरच्या न बदलणाऱ्या कडेवर पॅकिंग टेप आणि मेण लावा, बदलायच्या कडेला ८० नंबरने घासा, काचतंतूंचा फिलर थोडा जास्त लावा आणि दार बंद करा. फिलर रबरासारखा झाला की, म्हणजे पूर्ण कडक होण्याआधी, हॅकसॉचे पाते फटीतून फिरवून दार मोकळे करा. दुसऱ्या दिवशी ३ मिमी जाडीच्या ॲल्युमिनिअमच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी ८० नंबरचा पेपर चिकटवा आणि दार बंद ठेवून ती फटीत मागे-पुढे चालवा. दोन्ही कडा एकाच वेळी समांतर होतात. पट्टी किमान ३०० मिमी लांब घ्या. छोट्या ब्लॉकने घासलेली फट लाटांसारखी वर-खाली होते आणि रंग चकचकीत झाला की ते दुरूनही दिसते.

कडेला किती गोलाई द्यावी?

रंगासाठी दीड-दोन मिमी पुरते. धारदार कडेवर ओला रंग पृष्ठताणामुळे मागे सरकतो आणि थर सगळ्यात पातळ तिथेच राहतो, म्हणून घासताना आधी कडच उघडी पडते.

ब्रिटनमध्ये मात्र नियम आहे. हौशी बांधणीची गाडी रस्त्यावर आणण्यासाठी इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल ही तपासणी लागते. २००९ मध्ये तिने जुन्या एसव्हीए (सिंगल व्हेइकल अप्रूव्हल) तपासणीची जागा घेतली. बाहेरच्या बाजूला १०० मिमी व्यासाचा गोळा जिथे टेकू शकतो, तिथल्या कडांची त्रिज्या किमान २.५ मिमी हवी. रबरासारख्या पदार्थांचा कठीणपणा मोजणाऱ्या शोअर ए मापाने ६० किंवा त्याहून मऊ पदार्थाला ही अट लागू होत नाही. जमिनीपासून २ मीटरच्या वरचा भागही यातून वगळला आहे.

इथे अनेकांची फसगत होते. तीन मिमी जाडीची कड कितीही घासली तरी अर्धगोल झाल्यावर त्रिज्या निघते १.५ मिमी. २.५ मिमीसाठी उघड्या कडेची जाडी निदान ५ मिमी लागते. त्यामुळे तीन मार्ग उरतात: मागून दोन थर लावून कड जाड करणे, कड आत वळवणे, किंवा मऊ ट्रिम (कडेवर चढवायची पट्टी) बसवणे. तपासायला पातळ पत्र्यात ५ मिमीचे भोक पाडा आणि तेवढ्याच रुंदीने ते काठापर्यंत उघडा. कड या खाचेच्या तळाशी उजेड न दिसता बसली की काम झाले.

चाकांच्या कमानींकडे सगळे लक्ष देतात. राहून जातात त्या जागा म्हणजे बॉनेटवरच्या हवेच्या खाचा, नाकाची मागची कड, सायलेन्सरसाठी कापलेली खाच आणि नंबरप्लेटच्या मागचा खोलगट भाग.

आत वळवलेली कड घरी करता येते का?

येते, आणि चाकांच्या कमानींवर तीच सर्वांत चांगली. ॲल्युमिनिअमच्या जुन्या गाड्यांत पत्रा तारेभोवती वळवून कड जाड आणि गोल करत. १९६२ च्या मूळ कोब्राचे शरीर ॲल्युमिनिअमचे होते, त्यामुळे तिच्या प्रतिकृतींना पातळ, उघडी फायबरची कड शोभतही नाही.

कमानीच्या आतून, कडेला चिकटवून, ६ ते ८ मिमी व्यासाची मऊ पीव्हीसी नळी गरम गोंदाने बसवा. नळीवरून आणि पॅनेलच्या मागच्या बाजूवर मिळून मॅटचे दोन थर द्या, शेवटी काचतंतूंचा टिश्यू, म्हणजे कागदासारखा पातळ थर. घट्ट झाल्यावर समोरून कड आणि नळीवरचा फुगवटा यांच्यामधला चर तंतूंच्या फिलरने भरा आणि गोल घासा. नळी आतच राहू द्या. मॅट इतक्या लहान गोलाईवर उठून येते, म्हणून तिचे ७० ते ८० मिमी लांबीचे तुकडे करून थोडे एकमेकांवर चढवत लावा. एक लांब पट्टी ओढून बसवायला गेलात तर दुसरे टोक सुटते. चाकाला जागा उरते ना हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून आधीच पाहा.

एज ट्रिम बसवली तर हे सगळे वाचते ना?

वाचते, आणि सेव्हनच्या धाटणीच्या गाडीवर ती वाईटही दिसत नाही. १९६० च्या दुसऱ्या मालिकेपासून लोटस सेव्हनला फायबरग्लासचे नाक आणि मडगार्ड आले. मडगार्ड आणि शरीर यांच्या सांध्यात गोल पायपिंग आणि कडांना ट्रिम हा या गाड्यांचा पेहरावच झाला आहे. कोब्रावर किंवा बंद छताच्या गाडीवर ट्रिम उपरी वाटते.

खरेदी करताना पकडीची मर्यादा पाहा. १ ते ३ मिमीसाठीची ट्रिम ४ मिमीच्या कडेवर ठोकून बसवली तर आतल्या धातूच्या पकडी उघडतात आणि ती महिन्याभरात लोंबते. म्हणून कडेची जाडी आधी सगळीकडे सारखी करा. ट्रिमखालची कड कच्ची सोडू नका, तिच्यात पाणी साचून राहते. आधी सील करा, मग ट्रिमच्या खोबणीत पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ घालून बसवा. नुसती दाबून बसवलेली ट्रिम ओढल्यावर निघाली तर तपासणीत अडचण येते आणि रस्त्यावरही ती निसटते. तीव्र वळणावर आतल्या बाजूने इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा द्या. जोड खाली, नजरेआड येऊ द्या.

कापलेली कड सील करणे खरेच गरजेचे आहे का?

हो, आतली आणि न दिसणारी कडसुद्धा. कापलेल्या तंतूंची टोके उघडी असतात. पाणी तंतू आणि रेझिन यांच्यामधल्या सूक्ष्म फटींतून आत चढते आणि उन्हात तापले की रंगाखाली फोड येतात. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा ब्रिटनमधल्या ओल्या हिवाळ्यात गाडी उघड्यावर राहणार असेल तर हे टाळू नका.

१२० नंबरने घासून, पूर्ण वाळवून, मेण घातलेले रेझिन किंवा टॉपकोट (मेण घातलेला जेलकोट) ब्रशने दोन हात द्या. साधे जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकट राहते. मेणाचे द्रावण २ ते ४ टक्के घातले की मेण वर येऊन हवा अडवते. पुढचा थर दुसऱ्या दिवशी द्यायचा असेल तर हे मेण घासून काढावेच लागते. इपॉक्सी प्रायमरही उत्तम सील आहे, पण तो शेवटी द्या. इपॉक्सी पॉलिएस्टरवर धरते, पॉलिएस्टर इपॉक्सीवर नीट धरत नाही.

कडेजवळ भोके पाडताना तडे जातात. का?

बोथट बिट, जास्त दाब किंवा बोल्ट जास्त आवळणे. जेलकोटवर टेप लावा, ड्रिल उलट दिशेने फिरवून आधी जेलकोट खरवडा, मग सरळ दिशेने आरपार जा. मागे लाकडाचा ठोकळा धरा. भोक बोल्टपेक्षा १ मिमी मोठे ठेवा आणि जेलकोटच्या तोंडाशी काउंटरसिंकने हलका उतार द्या. भोकाच्या आत ब्रशने रेझिन लावा. कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत बोल्टच्या व्यासाच्या तिप्पट अंतर हवे, म्हणजे ६ मिमी बोल्टला १८ मिमी. मागे २५ मिमीचा रुंद वॉशर, पुढे रबरी वॉशर, आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा). रबर चेपू लागले की थांबा.

कडेवर केसासारखे तडे आहेत. वरून फिलर मारला तर?

परत येतील. हे तडे म्हणजे पॅनेल तिथे लवचीक आहे आणि जेलकोट ते सोसू शकत नाही याची खूण. आधी मागून मॅटचे एक-दोन थर देऊन कड ताठ करा, किंवा जिथे एखादा ब्रॅकेट पॅनेलला एकाच बिंदूत रेटतो आहे तो सैल करा. मग तड्याच्या पूर्ण लांबीवर, टोकांच्या १० मिमी पुढेपर्यंत, मॅट दिसेतो चर पाडा आणि व्हिनाइल एस्टरचा फिलर भरा. तो साध्या पॉलिएस्टर फिलरपेक्षा पाण्यापुढे आणि लवण्यापुढे जास्त टिकतो.

रंगाआधी कोणत्या क्रमाने घासायचे?

पहिला पेपर लावण्याआधी मेण आणि तेल काढणाऱ्या द्रावणाने पॅनेल दोनदा पुसा, दर वेळी नव्या फडक्याने. साच्याचे मेण तसेच असताना घासले तर ते ओरखड्यांत दाबले जाते आणि रंगात गोल खळगे पडतात. फिलर ८० ने आकारात आणा, १२० आणि १८० ने पुढे न्या. मग टू-के (दोन घटक मिसळून वापरायच्या) हाय-बिल्ड, म्हणजे जाड थर देणाऱ्या प्रायमरचे दोन-तीन हात. त्यावर काळ्या गाइड कोटची (उंचसखल जागा दाखवणाऱ्या पातळ रंगाची) हलकी फवारणी करून ३२० ने ब्लॉकवर घासा, शेवटी ५००.

ब्लॉक चालवताना कडेवर अर्धा इंच मास्किंग टेप ठेवा. सपाट भाग झाला की टेप काढून कड हाताने, लाल स्कॉच-ब्राइटने किंवा मऊ पॅडवरच्या ५०० ने पुरी करा. प्रायमर कडेवरून उडाला तर पुन्हा फवारावाच लागतो. रंगाआधी प्रायमर लावलेले पॅनेल दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. आक्रसायचे ते इथेच आक्रसू दे. काळ्या किंवा गडद रंगाखाली पॅनेल फार तापते आणि मॅटचा ठसा, भरलेल्या कडांची सीमारेषा असे सगळे वर दिसू लागते. गाडी कायम उघड्यावर राहणार असेल तर फिका रंग निवडणे शहाणपणाचे.

एकूण किती सामान लागेल?

सेव्हनच्या धाटणीच्या गाडीचे नाक आणि चार मडगार्ड यांच्या कडांसाठी १ चौरस मीटर ४५० मॅट, अर्धा चौरस मीटर टिश्यू, २ किलो रेझिन, ५० मिली कॅटॅलिस्ट, १ किलो तंतूंचा फिलर, १ किलो बारीक फिलर आणि अर्धा लिटर टॉपकोट धरून चला. ॲसिटोन २ लिटर. दारे, बॉनेट, डिकी असलेल्या कोब्रासाठी हे सगळे तिप्पट. पेपरच्या बाबतीत कंजूषी करू नका. बोथट ८० नंबर घासत नाही, तापवतो.

भारतात अशी गाडी बांधून रस्त्यावर आणता येईल का?

कडांचे काम इथेही तेच आहे, आणि फायबरच्या शरीराच्या गाड्या भारताला नव्या नाहीत. ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून बेंगळुरूच्या सिपानीने काढलेल्या डॉल्फिनचे शरीर फायबरग्लासचेच होते. ती किंवा तशी जुनी गाडी दुरुस्त करताना वरच्या सगळ्या पद्धती लागू पडतात. मूळ नोंदणीतल्या तपशिलांपासून फारकत घेणारे बदल मात्र मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकतात. म्हणून नवी बांधणी सुरू करण्याआधी, किटचे पैसे भरण्याआधी, आपल्या आरटीओत लेखी विचारणा करा. ट्रॅकवर किंवा खासगी जागेत चालवायची गाडी असेल तर तेव्हाही कडा २.५ मिमी गोल करा. पॅनेल उचलणारे आणि गाडी पुसणारे हात तिथेही असतातच.